चेहऱ्यावर काही ठेवायचं नाही

शेषरावांचा चेहरा बघायचा असेल तर आता त्यांच्याकडे बघून चालत नाही. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात वर बघावं लागतं, तिथल्या एखाद्या पिवळ्या फोल्डरकडे, आणि नजर तिथून हलू न देता, चोरून, मधलं काही हाती लागतं का ते बघावं लागतं. थोडंसं लागतं. खांदा लागतो, शर्टाचा निळा रंग लागतो, मागच्या तलावाची चकाकी लागते. मग राहवत नाही, नजर आपसूक मध्ये जाते, आणि जिथे नजर गेली तिथे भोक पडतं. राखाडी, काठ नसलेलं भोक. शेषराव त्यात जातात.

यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही. लिहिताना घेते, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही. शेषराव माझे मिस्टर. आमची प्राची दुसरीत होती तेव्हा ते गेले. तुमसरला बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दोघांचं दुकान होतं, टायपिंगचं आणि छपाईच्या डिझाइनचं. लग्नाच्या पत्रिका, मंडईची, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेची पत्रकं, दुकानांच्या पाट्या, जे येईल ते. ते गेल्यावर मी एकटीने चालवलं. मग माझ्या डोळ्यांनी ते बंद पाडलं. आता मोबाईलची कव्हरं विकणाऱ्या एका माणसाला ते भाड्याने द्यायचं ठरलंय, म्हणून प्राची नागपूरहून आली आणि आम्ही दोघींनी सामान काढायला कुलूप उघडलं. सामान म्हणजे तरी काय, एक टेबल, दोन खुर्च्या आणि हा कॉम्प्युटर.

शटर वर गेलं तसा आधी वास आला. बंद खोलीचा वास तर होताच, पण त्याच्याखाली तो जुना, उसन्या म्हणजे उकडलेल्या धानाच्या वाफेचा. मागच्या गल्लीत राईस मिल आहे. धान उकडायला घातलं की तो गोडसर, जरा आंबूस वास भिंतीतून आत येतो, कागदात शिरतो, केसात शिरतो. कोंडा तर सगळीकडे. की-बोर्डच्या बटणांखाली तो साचायचा आणि 'क' दाबला की कुरकुर व्हायची. दर शनिवारी मी जुन्या टूथब्रशने तो काढायची आणि शेषराव म्हणायचे, "राहू दे नं वं, थोडासा. कोंड्याबिगर तुमसर कसं समजन?" आज मी बटणांवरून बोट फिरवलं. कोंडा होता. कोणी काढला नव्हता.

प्राचीने बटण दाबलं. आतला पंखा घरघरला, टक् असा आवाज झाला आणि मशीन विचारात पडलं. प्राची शाळेतून थेट दुकानात यायची तेव्हा दप्तर टाकून आधी हेच करायची. मी चहाला वगैरे गेलेली असले आणि मशीन बंद असलं, तर स्वतः चालू करायची, आणि स्क्रीनवर त्यांचा फोटो उजळला की रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडायची, "बाबा आले!" समोरचा सायकलवाला पहिल्यांदा हे ऐकून हातातला पाना टाकून उभा राहिला होता. आज ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "आई, सुरू झाला." मी मध्ये बघितलं. सवयीनं बघितलं. कोणी आलं नाही.

मशीन नवं आलं तेव्हा त्यावर ती हिरवी टेकडी होती, जी तेव्हा साऱ्या जगाच्या स्क्रीनवर होती. वर निळं आकाश, दोन पांढरे ढग. मला फार आवडली. घर सारवून झाल्यावर अंगणात कोणी पाऊल ठेवू नये असं वाटतं ना, तसं मला तिच्याकडे बघून वाटायचं. शेषरावांना ती एक दिवस सोसली नाही. "हे कोणतं गाव होय? ना धान, ना झाड, ना ढोर. माणूस राहते का अशा गावात?" असं म्हणून त्यांनी माझी टेकडी काढली आणि कोणाच्या तरी बैलजोडीचा फोटो लावला, शंकरपटाच्या शर्यतीत पळतानाचा, धुळीने भरलेला. एक बैल स्क्रीनबाहेर निघून चाललाय आणि धुळीवर माझे आयकॉन लटकलेत. मला ते बघून घाम आला.

तेव्हापासून आमची जुंपली. मशीन एक आणि मतं दोन. जो आधी दुकान उघडेल त्याची स्क्रीन, असा न बोलता नियम झाला. मी उघडलं की आयकॉन एका रांगेत, डावीकडे, मोजके. टास्कबार खाली, जिथे देवाने दिला तिथे. रंग फिकट निळा. त्यांनी उघडलं की टास्कबार वर, कारण "दुकानाची पाटी वरतं असते का खालतं?" माऊसच्या बाणाच्या जागी दौडणारा घोडा. मशीन चालू होताना कंपनीचा तो घंटीचा आवाज काढून त्यांनी दंडारीच्या नाचातली ढोलकी भरली होती, एका मंडईत स्वतः टेप करून आणलेली. ढोलकीच्या आधी कोणीतरी खोकायचं. रोज सकाळी तो अनोळखी माणूस खोकला की आमचा दिवस सुरू. पुढे एकदा मशीन फॉरमॅट झालं आणि ढोलकी गेली, खोकलाही गेला. टेप शोधली, सापडली नाही. तेव्हा मी हसले होते.

"काहून वं, माहा घोडा कुठी गेला?"

"विकला. मले बाण पाहिजे. तुमच्या घोड्याच्या पायाखाली माह्या वेलांट्या येऊन राहिल्या."

"घोडा नाई आवडत तं मोर देऊ?"

असं चालायचं. ग्राहक बाकावर बसून ऐकत. कुणाला घाई नसायची. पत्रिकेला आलेला माणूस आमचं भांडण संपेपर्यंत चहा मागवून घ्यायचा.

शेषरावांची स्क्रीन ऋतूनुसार बदलायची. रोवणीच्या दिवसांत बाजार ओस पडायचा, सगळी माणसं धानाच्या बांधीत, तेव्हा ते हिरवी लावायचे, पाण्यात उभ्या असलेल्या कोवळ्या धानाची. "गिऱ्हाईक तिकडं हाय, तं आपणबी तिकडं पाहू." उन्हाळ्यात लग्नाच्या पत्रिका आल्या की हळदीचा पिवळा. तो पिवळा इतका भडक असायचा की माझी काळी अक्षरं त्यावर थरथरायची. दिवाळी झाली की मंडई. मग तर आमची झोप उडायची. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, प्रत्येक गावाला पत्रक हवं, त्यात नाटकाचं नाव मोठं, पाहुण्यांची नावं त्याहून मोठी, आणि कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून गावात तंटा. आरपार दिसणाऱ्या पातळ बटर पेपरवर प्रिंट निघाली की शेषराव ती दोन हातांनी उन्हात धरायचे, अक्षरं त्यांच्या शर्टावर पडायची. टोनरचा तो जळका वास, पाळण्यात झोपलेली प्राची, लाईट गेली की यूपीएसचं टीं टीं, आणि शेषराव ओरडतायत, "सेव्ह कर! सेव्ह कर वं आधी!"

मंडईच्या त्या हंगामासाठीच त्यांनी गावं मांडली. प्रत्येक गावाचं एक पिवळं फोल्डर. मी म्हटलं, अ, आ, इ, ई असं लावू. ते म्हणाले, "गावं का अआइई राहतेत? जिथं हायत तिथं ठेव." आणि खरंच त्यांनी तसं केलं. स्क्रीनवर वरून खाली एक निळी वाकडी रेघ ओढली, ती वैनगंगा, आणि तिच्या दोन्ही बाजूंना गावं बसवली. तुमसर वर. शहापूर पार डावीकडे, नागपूरच्या रस्त्याला. साकोलीकडची सगळी नदीच्या उजव्या हाताला. कोणी आलं की गाव विचारायचं आणि हात आपोआप त्या दिशेला जायचा. माझ्या डोक्याला ते पटत नव्हतं, पण फाईल कधी हरवली नाही, हेही खरं.

एका वर्षी माझा हात लागून सानगडीचं फोल्डर नदीच्या अलीकडे आलं. मला काय त्याचं? पण तेवढ्यात सानगडीची मंडळी पत्रकाचा मजकूर घेऊन आली. त्यांचे पुढारी एक वयस्क गृहस्थ, डोक्याला पांढरा दुपट्टा. ते स्क्रीनकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"आमची सानगडी नदीच्या या पारी कोणं आणली?"

शेषराव म्हणाले, "भाऊ, हे कॉम्प्युटर होय. नकाशा नाई."

"नकाशा नाई तं मंग तुमसर वरतं काहून ठेवलं? पत्रकात असं छापून आलं तं लोकं हासतीन नं बाप्पा आमाले!"

पत्रकात यातलं काहीच छापायचं नव्हतं, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ते कागद परत खिशात ठेवायला निघाले. तेव्हा शेषरावांनी खुर्ची सरळ केली, माऊस धरला आणि फोल्डर उचलून सावकाश, अगदी सावकाश, निळ्या रेघेवरून पलीकडे नेलं. मध्ये नदीवर क्षणभर थांबलेसुद्धा. बाकावरची सगळी माणसं श्वास धरून बघत होती. सानगडी जागेवर टेकली तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "हं. आता लिवा." त्या वर्षी त्यांनी आम्हा दोघांना मंडईचं आमंत्रण दिलं आणि आम्ही गेलो.

स्क्रीनवरचा हा फोटो तिथलाच. गावाच्या तलावाच्या पाळीवर. मी काढला, दुकानाच्या कॅमेऱ्याने. पाळीवर शिंगाडे उकडून विकत होते, शेषरावांनी रुमालभर घेतले होते आणि त्यांची बोटं काळी झाली होती. मंडईच्या भोंग्याचा आवाज पाण्यावरून दोनदा यायचा. निळा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. मी म्हटलं इकडे बघा. त्यांनी बघितलं आणि ते हसले. एवढं मला माहीत आहे, कारण मी तिथे होते. पण हसले म्हणजे कसे, डोळ्यांचं काय झालं, ओठ कुठल्या बाजूला गेले, ते मी सांगू शकत नाही. तेच तर मी बघायला आले आहे.

ते गेल्यावर मोठ्या दिरांनी मला दुकानात पाठवलं. तेरवीला भिंतीवर फोटो हवा होता. "साधा नको," ते म्हणाले, "कोट घाल त्याले. लोकं येतीन." आमच्याकडे ती रीतच आहे. गेलेल्या माणसाचा डोक्यापासून मानेपर्यंतचा भाग कापायचा आणि तयार कोट-टायच्या धडावर बसवायचा, मागे आकाश, रंग जरा उजळ. तालुक्यातल्या निम्म्या गेलेल्या माणसांना मीच तो निळा कोट घातला होता. कोणाचा टाय बांधायला मी कधी चुकले नाही. त्या दिवशी बाहेर बायका बसल्या होत्या, प्राची कोणाच्या तरी मांडीवर झोपली होती, आणि मी दुकानात शेषरावांची मान कापत होते. जन्मात ज्या माणसाने बुटाची नाडी बांधली नाही, त्याला मी टाय बांधला. गाल गुळगुळीत केले. दिरांनी बघून मान हलवली, चांगला झालाय म्हणाले. तो फोटो घरी आहे, हारासकट आहे. तो कोणाचा आहे ते मला माहीत नाही. मी त्याच्याकडे कधी नीट बघितलं नाही आणि आता बघता येत नाही, त्याचं काही वाईट वाटत नाही.

त्याच बैठकीत मी तलावावरचा फोटो स्क्रीनवर लावला. निळी नदी त्याच्याखाली गेली. गावं मात्र राहिली, आणि त्यातली काही नेमकी त्यांच्या चेहऱ्यावर आली. कपाळावर मोहाडी, गालावर भंडारा, हनुवटीवर पवनी. मी एक एक उचललं आणि कडेला नेऊन ठेवलं. धरणाचं पाणी चढलं की गावं उठून वर जातात, तशी ती गेली. शहापूर सरकत सरकत कचऱ्याच्या डब्याशेजारी जाऊन बसलं. आयकॉन आपोआप रांगेत लावायची जी सोय असते, तिची खूण मी काढून टाकली आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कागद स्क्रीनच्या खाली चिकटवला: चेहऱ्यावर काही ठेवायचं नाही.

मला नीटनेटकेपणाची हौस होती ती तिथे संपली. पुढे किती वर्षं मी स्क्रीनवर दुसरं काही बदललं नाही. टास्कबार वर होता, वरच राहिला. घोडासुद्धा परत आणला. ग्राहक म्हणायचे, बाई, फोल्डर मध्ये ठेवा ना, हाताशी राहील. मी ऐकून घ्यायची. दिवसभरात कितीदा तरी सगळ्या खिडक्या बंद करून मी नुसती स्क्रीन बघायची, पाणी प्यायला उठावं तशी. दोन पत्रिकांच्या मध्ये. एखाद्याने पैसे बुडवले की. प्राचीला ताप आला की. शेषराव तलावाच्या पाळीवर हसत उभे असायचे आणि भोवताली सगळा भंडारा जिल्हा कडेकडेने बसलेला असायचा.

मी त्यांचा चेहरा पाठ केला नाही. कशाला करेन? तो समोर होता.

पहिल्यांदा अक्षरं तुटली. पत्रिकेत नवरीच्या नावाचं मधलं अक्षर दिसेना. मी स्क्रीन पुसली. कोंडा बसला असेल. पुन्हा पुसली. मग अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी. घोडाही मोठा केला. घोडा कितीही दौडो, एका ठिकाणी जाऊन नाहीसा व्हायचा आणि दुसरीकडून निघायचा. नागपूरला तपासलं. डॉक्टर चांगला होता, तरुण होता, त्याने कागदावर डोळ्याचं चित्र काढून दाखवलं, जे मला दिसलं नाही. "पडद्याचा मधला भाग गेलाय, बाई. तो परत येणार नाही. पण कडेचं दिसत राहील. आंधळ्या नाही होणार तुम्ही." हे तो दिलासा म्हणून सांगत होता. मी त्याला धन्यवादही दिले.

मग कोणीतरी मला सांगितलं की काळ्या पाठीवर पिवळी अक्षरं केली तर काम होईल. तशी एक सोय मशीनमध्येच असते. केली, आणि खरंच, तिरपं बघून मला ओळी लागायला लागल्या. पण त्या सोयीत फोटो राहत नाही. स्क्रीन काळी होते म्हणजे पूर्ण काळी होते. अक्षरं हवी तर शेषराव नाहीत, शेषराव हवे तर अक्षरं नाहीत. प्राचीची फी भरायची होती. मी सकाळी काळी करायची, संध्याकाळी काम संपलं की परत फोटो आणायची आणि थोडा वेळ बसायची. एका संध्याकाळी फोटो आणला. पाळ होती, पाणी होतं, सानगडी, साकोली, तुमसर आपापल्या जागी होते. निळा शर्ट होता. वर काही नव्हतं. मी खुर्ची मागे घेतली, पुढे घेतली. एक डोळा झाकला, मग दुसरा. जी जागा इतकी वर्षं मी कोणाला झाकू दिली नाही, बरोबर तीच गेली. मी टेबलावर डोकं आपटून घेतलं. समोरचा सायकलवाला धावत आला आणि विचारत राहिला, ताई, काय झालं, काय झालं. काय सांगणार होते मी त्याला?

आज प्राचीने हार मानली नाही. नागपूरला ती कॉम्प्युटरच्याच कामात आहे, तिला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिने फोटो मोठा केला. चेहरा स्क्रीनभर झाला आणि भोकही स्क्रीनभर झालं. तिने तो लहान केला आणि वरच्या कोपऱ्यात नेला. तिकडे बघू नको आई, इकडे बघ, माझ्या बोटाकडे. तिच्या बोटाकडे बघितलं. कोपऱ्यात काहीतरी सावळं, गोल, हललं. माणूस आहे एवढं कळलं. मी म्हटलं, थोडं खाली घे. तिने घेतलं. थोडं डावीकडे. घेतलं. शेषरावांनी जसं ते फोल्डर सावकाश ओढलं होतं तसं ती आपल्या बापाला स्क्रीनभर ओढत होती. एकदा तिने फोटो फरशीसारखा लावून बघितला, म्हणजे तोच छोटा फोटो ओळीने, पूर्ण स्क्रीनभर. कितीतरी शेषराव. ज्याच्याकडे बघावं तो नाहीसा व्हायचा आणि बाकीचे कडेला गर्दी करून उभे राहायचे, बिनतोंडाचे.

"बंद कर," मी म्हटलं. "बंद कर वं, प्राची."

"आई, डोळे थकले असतीन. आपण जेवून येऊ, मंग पाहू."

"डोळे नाई थकले. मी विसरली."

"काय विसरली?"

"त्यायचा चेहरा. तुले समजून नाई राहिलं का? डोळे मिटले तरी येत नाई. शर्ट येते, शिंगाडे येते, भोंगा येते. चेहरा येत नाई. एक नजर दिसला असता तं मी आत ठेवून घेतला असता. एकच पाहिजे होती."

बाहेर कोणीतरी मालवाहू ऑटो मागे घेत होतं, त्याचा तो एकसुरी भोंगा वाजत राहिला. मग तिने फोटो परत होता तसा केला, मोठा, मधोमध, गावं कडेला. मी आवाजावरून ओळखलं, माऊसच्या. तिची खुर्ची माझ्या खुर्चीला लागली.

"मी सांगू का, आई? मले दिसते नं. मी सांगतो, तू ऐक."

"सांग."

"बाबाचा रंग सावळा हाय."

"हं."

"चेहरा उभट. नाक सरळ. कपाळ मोठं."

"हं. पुढं."

"केस काळे, मागं वळवलेले. मिशी बारीक. अंगानं मध्यम." ती थांबली. "अंगात निळा शर्ट."

माझी बोटं टेबलावर चालायला लागली होती. मी चालवली नाहीत, ती चालली. हे शब्द बोटांच्या ओळखीचे होते. दुकानात हरवलेल्या माणसांची पत्रकंही यायची. घरून निघून गेलेला कोणी म्हातारा, जत्रेत चुकलेली कोणाची बायको. घरचे लोक बाकाच्या टोकावर बसून सांगायचे आणि मी टाईप करायची. वर्षानुवर्षं साऱ्यांचं तेच. रंग सावळा, चेहरा उभट, नाक सरळ, बांधा मध्यम, अंगात अमुक रंगाचा शर्ट. सांगणाऱ्याचा जीव तुटत असायचा. आपल्या माणसाबद्दल याहून काहीतरी जास्त सांगायचं असतं, ते त्यांच्या तोंडापर्यंत यायचं, आणि शेवटी ते म्हणायचे, बस, एवढंच लिहा.

"अजून सांग," मी म्हटलं.

"अजून काय सांगू, आई?" प्राची आता रडत होती. "हासून राहिले ते. अजून काय सांगू?"

मी तिला थोपटलं नाही. हात रिकामे नव्हते. ते त्या लाकडावर शेवटची ओळ टाईप करत होते, जी कधी कोणाला मला सांगावी लागली नाही, जी प्रत्येक पत्रकाच्या तळाशी मी आपणहून घालायची. वरील वर्णनाचा इसम कोणाला दिसल्यास कृपया कळवावे. त्याच्याखाली घरच्या माणसाचं नाव टाकतात. मी माझं टाकलं.